मदत कोणाची, सही कोणाची : प्रस्तावना

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या जुलैमध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियम काढले. त्यात टक्क्यांची एक उतरंड आहे. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सादरच करायचा नाही, आणि साठच्या पुढे गेले की नोंदणी रद्द. सर्वसामान्य माहितीचे सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्य मोजू नये, इथपर्यंतचा बारकावा त्यात सापडतो. पण हे नियम कोणत्या लेखनाला लागू, हे ठरवणाऱ्या व्याख्येतच असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका वगळल्या आहेत. म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधाला कायद्याची चौकट आहे आणि एफ.वाय.च्या मुलीच्या वीस पानी फाइलला नाही.

त्या वेळी हे वगळणे समजण्यासारखे होते. लाखो मुलांच्या फायली कोणत्या यंत्रातून आणि कोणी तपासायच्या? प्रबंध मोजके असतात, ते ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात कायमचे राहतात, त्यांच्यावर पुढची नेमणूक ठरते. असाइनमेंट तपासून झाली की रद्दीत जाते. पण ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि गडबड सुरू झाली ती नेमकी या वगळलेल्या कप्प्यात. त्याच सुमारास या कप्प्याचे वजनही वाढले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत शंभरातले साधारण तीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांना नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि क्षेत्र प्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग, समाजसहभागाचे काम, संशोधन प्रकल्प असे एकामागून एक लेखी अहवाल अभ्यासक्रमात आले. लिहायचे काम वाढले आणि लिहून देणारा खिशात आला, दोन्ही दोन वर्षांच्या आत.

ही पुस्तिका त्या कप्प्यासाठी आहे. ती मावळात बसून लिहिली आहे, आणि नियम करताना समोर कोणती मुले आहेत याचा विचार करावाच लागतो. लोणावळ्याचे पुरंदरे-गुप्ता महाविद्यालय, तळेगावचे इंद्रायणी महाविद्यालय, कुसगावचे सिंहगड, आंबीकडची खासगी शिक्षणसंकुले, कैवल्यधामचे योग महाविद्यालय. एका तालुक्यात इतक्या तऱ्हांचे उच्च शिक्षण आहे. मुलेही तितक्याच तऱ्हांची. कोणी आंदर मावळातून एस.टी.ने येते, कोणी नाणे मावळातून दुचाकीवर कामशेतला आणि तिथून लोकलने पुढे. पवन मावळातल्या कितीतरी वाड्यांवर डोंगराआड गेले की रेंज जाते. कोणी तळेगाव एमआयडीसीत पाळी करून वर्गात येते, तर कोणी शनिवार-रविवार लोणावळ्याच्या हॉटेलात किंवा चिक्कीच्या दुकानात उभे असते. बहुतेकांचे बारावीपर्यंतचे शिक्षण मराठीत झाले आहे, आणि शास्त्र किंवा वाणिज्य शाखेत आल्यावर इंग्रजीशी गाठ पडली आहे. मेलबर्न किंवा बॉस्टनच्या विद्यापीठाचे धोरण आणून इथे चिकटवले तर ते या मुलांच्या अंगाला बसणार नाही.

आधी एक गोष्ट मान्य करू. नक्कल एआयने आणलेली नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांना ‘जीटी मारणे’ समजावून सांगावे लागत नाही: खाली दिवा, वर काच, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि सकाळपर्यंत ड्रॉइंग तयार. कला-वाणिज्यच्या मुलांकडे मागच्या बॅचच्या फायली फिरतात. झेरॉक्सच्या दुकानात बाइंडिंगसकट प्रोजेक्ट मिळतो, वरचे नाव आणि रोल नंबर तेवढा बदलायचा. पहिल्या पानावरच्या प्रमाणपत्रात हे काम या विद्यार्थ्याने स्वतः केले असल्याचे आम्ही प्राध्यापक सहीनिशी लिहून देतो, आणि सही करताना फाइलची पाने ज्या वेगाने उलटली जातात तो वेग कोणी मोजला तर आमचीही थोडी पंचाईत होईल. सबमिशन हा कित्येक ठिकाणी दोन्ही बाजूंनी सांभाळलेला एक शिष्टाचार होता. एआयने त्यातला पोकळपणा उघडा पाडला, म्हणून आपण इतके अस्वस्थ आहोत, अशी मला दाट शंका आहे.

तरीही एक फरक खरा आहे. जुन्या नकलेला कुठेतरी मूळ असायचे. दोन फायलींत एकच स्पेलिंग चुकले की चोर सापडायचा. गाइडमधला उतारा ओळखू यायचा. साम्य शोधणारी यंत्रे याच तत्त्वावर चालतात: तुमचा मजकूर आधीच्या साठ्याशी ताडून पाहायचा. एआय सहसा कुठला उतारा उचलून देत नाही. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, हे हिशेबाने ठरवत ते वाक्य जुळवत जाते. एकच प्रश्न साठ मुलांनी विचारला तर साठ वेगळे मजकूर निघतात, आणि साठही साम्याच्या चाचणीत दहा टक्क्यांच्या आत सहज बसतात. २०१८ ची सगळी उतरंड इथे निरुपयोगी ठरते.

मग एआय ओळखणारी यंत्रे आली. त्यांच्यावर थोडे थांबायला हवे, कारण आपल्याकडे ‘सॉफ्टवेअरने सांगितले’ या वाक्याला फार वजन आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःच असे एक ओळखयंत्र जानेवारी २०२३ मध्ये काढले. कंपनीच्याच चाचणीत त्याने एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्के पकडला, आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्के चुकून एआयचा ठरवला. सहा महिन्यांत कंपनीने ते मागे घेतले. नऊ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. साठ जणांच्या वर्गात सगळ्यांनी स्वतः लिहिले असेल तरी पाच जणांवर आळ येईल, असा त्याचा अर्थ होतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टर्निटिन या साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधली एआय शोधण्याची सोय बंद करून टाकली.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आहे तो स्टॅनफर्डच्या संशोधकांचा २०२३ चा अभ्यास. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी टोफेलसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात ओळखयंत्रांना दिले. निबंध माणसांचे होते. यंत्रांनी सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरवले. कारण सरळ आहे. पुढचा शब्द जितका अपेक्षित, तितका मजकूर यंत्राचा असल्याचा संशय जास्त. आणि परक्या भाषेत जपून लिहिणारा माणूस ओळखीचे शब्द, पाठ केलेली वाक्यरचना आणि छोटी वाक्ये वापरतो. वडगावच्या किंवा काल्याच्या मुलाने घाबरत घाबरत लिहिलेले इंग्रजी याच वर्णनात बसते. ज्याचे इंग्रजी कच्चे त्याच्यावर आधी संशय, आणि ज्याला यंत्राकडून ‘जरा माणसासारखे लिही’ असे करून घेता येते तो सुटला. असा न्याय कोणत्याही महाविद्यालयाने करू नये. म्हणून या पुस्तिकेतल्या नियमांत ओळखयंत्राचा आकडा पुरावा म्हणून कुठेही धरलेला नाही. साधा संशय नोंदवण्यापुरताही नाही.

हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठात कायद्याच्या पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्याला २०२४ मध्ये उत्तरातला ८८ टक्के मजकूर एआयचा असल्याचा ठपका ठेवून नापास केले गेले. तो पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेला. एआय वापरू नये असा नियम कुठे लिहिला आहे ते दाखवा, हा त्याचा एक मुद्दा होता. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केले आणि याचिका निकाली निघाली. प्रकरणात खरे काय घडले यापेक्षा त्या मुद्द्याकडे माझे लक्ष जाते. नियम आधी, शिक्षा नंतर, हा क्रम गावच्या पंचायतीलाही ठाऊक असतो.

काही सहकाऱ्यांचा उपाय वेगळा आहे: सगळे हाताने लिहून आणायला सांगा. तसे सांगून पाहिलेल्यांना माहीत आहे की मुले मोबाइल वहीशेजारी उभा करून पडद्यावरचे हाताने उतरवतात. हस्ताक्षर खरे असते, मेहनतही खरी असते, विचार मात्र तिथे नसतो. जीटीच्या काळात काच आडवी होती, आता ती उभी झाली एवढेच. वर्गात, समोर बसवून लिहायला लावणे ही गोष्ट निराळी आणि चांगली आहे. सिडनी विद्यापीठाने २०२५ पासून अशीच दोन मार्गांची विभागणी केली आहे. काही परीक्षा देखरेखीखाली, बाकीच्या कामात एआय खुले, पण वापर सांगायचा. ही विभागणी आम्ही घेतली आहे, प्रमाण मात्र आपल्याला झेपेल असे ठेवले आहे.

आता मूळ प्रश्न. यंत्राकडून लिहून घेतले तर नेमके बिघडते काय?

देहूचा सालोमालो या पट्टीत सगळ्यांना माहीत आहे. तुकोबांचे अभंग घ्यायचे, नाममुद्रा काढून आपली घालायची आणि कीर्तनात म्हणायचे. गाथेत त्याच्यावरचा तुकोबांचा संताप अजून वाचायला मिळतो. त्याच परिसरात, सुदुंबऱ्याला, संताजी जगनाडे यांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग उतरवून ठेवणारे म्हणून वारकरी संप्रदाय त्यांचे ऋण मानतो. दोघांच्याही हातात तुकोबांचेच शब्द होते. एकाने सही बदलली, दुसऱ्याने बदलली नाही. वाङ्मयचौर्याविषयीचे आपले सगळे नियम सालोमालोला समोर ठेवून केलेले आहेत: कोणाचे तरी होते, ते चोरले गेले, ज्याचे त्याला परत द्या.

एआयच्या बाबतीत हा साचा मोडतो. इथे तक्रार करायला तुकोबा नाहीत. ज्यांच्या लेखनावर यंत्र पोसले गेले त्यांचा वाद वेगळा आहे, मोठा आहे, आणि न्यायालयांत चालू आहे, पण मुलाने कोणा एकाची ओळ उचललेली नाही. मुलगा ‘मी चोरी केली नाही, सर’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. खोटे असते ते पहिल्या पानावरचे निवेदन. हे मी केले, मला हे येते, असे तो त्याच्यावर विसंबणाऱ्या माणसांना सांगत असतो: आज तपासणाऱ्या मास्तरांना, उद्या नोकरी देणाऱ्याला, परवा त्याने काढलेल्या निष्कर्षावर खत टाकणाऱ्या शेतकऱ्याला. गुन्हा चोरीचा म्हणण्यापेक्षा खोट्या साक्षीच्या जवळचा आहे. मग उपायही साक्षीचाच हवा. किती टक्के मजकूर उसना आहे हे मोजत बसण्यापेक्षा कोणी काय केले हे विद्यार्थ्यालाच सांगायला लावायचे.

असे सांगण्याची आपल्याच तालुक्यातली पद्धत दोन हजार वर्षांची आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरताना बहुतेक जण एकवीरा देवीच्या रांगेच्या घाईत असतात, म्हणून खांबांवरची अक्षरे नजरेतून सुटतात. एकेक खांब कोणी दिला हे त्या त्या खांबावर कोरले आहे. धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले खांब आहेत, सोपाऱ्याच्या माणसाने दिलेला आहे. दारासमोरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. दाराच्या बाबतीत तर दोन वेगळ्या नोंदी आहेत: त्याचे दान धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंधविक्याचे, आणि ते घडवले तिथल्याच सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने. पैसे कोणाचे आणि हात कोणाचे, हे एकाच दारावर वेगवेगळे लिहिले गेले. आणि मग वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे. जंबुद्वीपात उत्तम असे हे शैलगृह आपण पूर्ण केले, असे त्याचा लेख सांगतो. आमच्या फायलींवरचे प्रमाणपत्र भूतपालाच्या थाटाचे असते. या पुस्तिकेला सिंहदत्त आणि सामी यांच्यासारख्या नोंदी हव्या आहेत.

उपकरणाचे नाव सांगण्याची शिस्तही इथल्याच मातीत आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. उड्डियान, नौली या क्रियांच्या वेळी शरीरात काय घडते हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासले, आणि कशाने तपासले हे लिहिले. तसे लिहिल्याने योगाभ्यासाचे महत्त्व कमी झाले नाही. उलट दुसऱ्या कोणाला तो प्रयोग करून पाहता येईल अशी सोय झाली. एआय हे उपकरण आहे असे मानायचे असेल, तर उपकरणाला लागू असलेला शिष्टाचार त्यालाही लागू. ‘नेचर’ने २०२३ च्या जानेवारीतच हे दोन वाक्यांत मिटवले: यंत्राला लेखक म्हणून नाव देता येणार नाही, कारण लेखकाची जबाबदारी ते घेऊ शकत नाही, आणि ते वापरले असेल तर कुठे वापरले ते लेखात सांगा.

नियम पुढच्या पानांवर आहेतच. इथे त्यांच्यामागचा विचार तेवढा सांगतो. शुद्धलेखन तपासणे, एखाद्या शब्दाचा अर्थ पाहणे, बोलून टाइप करणे, यांची नोंद मागितलेली नाही. तितके मागितले तर मुले सगळेच लपवतील. मुद्दे सुचवून घेणे, आराखडा करून घेणे, भाषांतर, वाक्ये सुधारून घेणे, प्रोग्रॅमचा कोड, आकड्यांचे तक्ते, यांची नोंद हवी. यंत्राने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे, न केलेल्या सर्वेक्षणाचे आकडे करून घेणे, न घेतलेल्या मुलाखती रचणे आणि न पाहिलेली संदर्भसूची जोडणे, यांना परवानगी नाही. नोंद केली तरी नाही.

नोंद कशी असावी? ‘या कामात एआयची मदत घेतली आहे’ हे वाक्य काहीच सांगत नाही. ‘देवाच्या कृपेने’ म्हटल्यासारखेच ते. याउलट हे पाहा: ‘प्रश्नावली मी आणि गटातल्या दोघांनी केली. उत्तरे मराठीत घेतली. त्यांचे इंग्रजी भाषांतर चॅटजीपीटीने केले, चार ठिकाणी ते चुकले होते, ते आम्ही सुधारले. तिसऱ्या भागाचा आराखडा त्याने सुचवला होता, त्यातला पाण्याच्या दराचा मुद्दा आम्ही गाळला, कारण आमच्या गावाला तो लागू नाही.’ नमुना माझा आहे, पण अशा चार ओळी वाचल्या की मुलाने काम केले आहे की नाही हे कोणत्याही ओळखयंत्राशिवाय कळते. एखादी सूचना का गाळली हे सांगता येणे, ही माझ्या मते सगळ्यांत बोलकी खूण. ज्याने वाचलेच नाही त्याला गाळायचे काय हे ठरवता येत नाही.

अशी नोंद कोणी लिहील का, हा शंकेखोर प्रश्न बैठकीत पहिल्यांदा येतो, आणि तो रास्त आहे. खरे सांगितल्याबद्दल गुण कापले तर कोणी लिहिणार नाही. म्हणून नियम असा की नोंदीमुळे गुण कमी होणार नाहीत. नोंद नसेल आणि पाच मिनिटांच्या तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला स्वतःच्या फाइलमधला परिच्छेद समजावून सांगता आला नाही, तर काम परत. पहिल्या वेळी एवढेच. साठ मुलांची पाच-पाच मिनिटे म्हणजे पाच तास होतात, आणि कंत्राटी, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाकडून ते फुकट मागणे हा अन्याय आहे. म्हणून प्रत्येकाची तोंडी प्रत्येक वेळी घ्यायची नाही. चिठ्ठ्या काढून दहा जणांची घ्यायची. कोणाचे नाव निघेल हे माहीत नसणे पुरेसे असते.

भाषांतराचा नियम वाचताना काही जण थबकतील. आम्ही तो मुद्दाम उदार ठेवला आहे. ज्याने मराठीत विचार केला, मराठीत लिहिले आणि मग यंत्राकडून इंग्रजी करून घेतले, त्याने अभ्यास केला आहे. त्याने मूळ मराठी लेखन जोडावे, एवढीच अट. ते मराठी पान त्याच्या कामाचा सर्वांत चांगला पुरावा असते. मराठीत लिहायला परवानगी असलेल्या विषयांतही आपण इंग्रजी फाइल का मागतो, हा प्रश्न मी विभागप्रमुखांवर सोपवतो. उलटा प्रकारही दिसतो. यंत्राने इंग्रजीत रचलेले यंत्रानेच मराठीत आणलेले असते, आणि त्या मराठीत कर्ता, कर्म, क्रियापद सगळे जागेवर असून बोलणारे माणूस कुठेच नसते.

संदर्भसूचीबद्दल कडक असण्याचे कारण वेगळे. यंत्र शक्यतेवर वाक्य जुळवते तसेच संदर्भही जुळवते. आडनाव त्या विषयातल्या अभ्यासकाचे, नियतकालिक खरे, वर्ष पटण्यासारखे, आणि लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही. मोठ्यांचीही यात फसगत होते. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०२३ मध्ये अस्तित्वात नसलेले निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड केला. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरात एक आयकर आकारणी रद्द केली, तिच्या आदेशात आधाराला घेतलेले तीन निवाडे कुठे सापडलेच नाहीत म्हणून. अधिकाऱ्यांनी असे संदर्भ पडताळूनच वापरावेत, असे न्यायालयाला सांगावे लागले. मुलांना ‘पडताळा’ म्हणणे सोपे आहे. पडताळायला ग्रंथालय उघडे लागते आणि बसायला जागा लागते, हेही त्याच दमात सांगायला हवे.

खरा उपाय मात्र नियमांच्या आधी आहे, प्रश्न काढण्यात. ‘भातशेतीचे महत्त्व स्पष्ट करा’ हा प्रश्न यंत्रासाठीच काढल्यासारखा आहे. त्याऐवजी असे विचारून पाहा. आंबेमोहोर आणि आय.आर.-८ यांच्या संकरातून झालेला इंद्रायणी तांदूळ १९८७ मध्ये वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातून बाहेर पडला. तुमच्या गावात तो कोणी पहिल्यांदा लावला? त्याआधी कोणता भात होता? तो का सुटला? या हंगामात लावणीची मजुरी किती पडली, आणि मजूर कुठून आले? कामशेतच्या तांदळाच्या व्यापाऱ्याला इंद्रायणी म्हणून येणारा सगळा माल इंद्रायणी वाटतो का? याची उत्तरे कुठल्याही यंत्रात नाहीत. ती आजीकडे, चुलत्याकडे, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे आहेत. वळवणचे धरण, पवनेचे विस्थापित, फुलांची पॉलिहाऊस, भुशी धरणावर पावसाळ्यात येणारी गर्दी आणि तिथल्या भुट्टेवाल्यांचा हिशेब. मावळात प्रश्नांना तोटा नाही. अशा कामात मुलाने वाक्ये सुधारायला एआय वापरले तर मला त्यात काडीचे वावगे वाटत नाही. त्याने मिळवून आणलेले त्याचेच राहते.

एक धोका इथे येतो आणि तो नियमांत वेगळा लिहिला आहे. मुलाखत दिलेल्या माणसाचे नाव, फोन नंबर, सातबारा, आजारपणाची माहिती असलेला कागद कोणत्याही एआयवर चढवायचा नाही. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा आहेच. पण कायदा नसता तरी ज्या काकूंनी चहा देऊन तासभर सांगितले त्यांचे कर्ज किती हे परक्या कंपनीच्या संगणकाला कळवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

नियम शिक्षकांनाही लागू आहेत. हे कलम मसुद्यात सर्वांत उशिरा आले आणि त्याच्यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. प्रश्नपत्रिका एआयकडून काढली असेल, नोट्स त्याने केल्या असतील, फायलींवरचे शेरे त्याच्याकडून लिहून घेतले असतील, तर वर्गाला सांगायचे. गुण देण्याचे काम त्याच्यावर सोपवायचे नाही. यंत्राने काढलेला प्रश्न, यंत्राने लिहिलेले उत्तर आणि यंत्राने दिलेला शेरा असे झाले तर मुलाला लोकलचा पास काढून रोज यायला लावण्याचे कारण उरत नाही.

काही गोष्टी सुटलेल्या नाहीत. गटाने केलेल्या प्रकल्पात एकाने लपवले तर इतरांचे काय, यावर आमचे एकमत झाले नाही. सध्या प्रत्येकाने स्वतःच्या भागाची नोंद वेगळी करायची असे ठेवले आहे. पैसे भरून चांगली आवृत्ती घेणाऱ्या मुलाला मिळणारा फायदा कसा भरून काढायचा, याला महाविद्यालयाच्या संगणक कक्षात सर्वांना सारखी सोय देण्यापलीकडे उत्तर सुचलेले नाही. आणि आता आणखी एक अडचण आहे. २०२४ पासून गुगलवर साधे काही शोधले तरी वरती एआयने केलेला सारांश येतो. मुलगा तो वाचतो, वहीत उतरवतो, आणि ‘मी एआय वापरले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहून देतो. म्हणून पुस्तिकेच्या शेवटी जोडलेल्या नमुन्यात ‘एआय वापरले का? होय / नाही’ असा रकाना ठेवलेला नाही. ‘ही माहिती कुठून मिळाली, आणि मूळ ठिकाणी जाऊन पाहिली का’ असे विचारले आहे. नमुना एका पानाचा आहे, मराठीत भरला तरी चालतो, आणि फाइलच्या पहिल्या पानावर, प्रमाणपत्राच्या आधी लावायचा आहे. दर जूनमध्ये तो विद्यार्थी प्रतिनिधींसह पुन्हा वाचून बदलायचा, असेही ठरले आहे; पहिली दुरुस्ती बहुधा वर्षही थांबणार नाही.